‘अप्रीति’ या शब्दाचें भाष्य

राजद्रोहाच्या कलमाचा इतिहास म्हणजे वस्तुतः एका शब्दाच्या अर्थाचा इतिहास होय. सन १८७० मध्यें कलम १२४अ दंडसंहितेंत आलें. परंतु सरकारविषयींची ‘अप्रीति’ म्हणजे काय, हें सांगण्याचें काम न्यायाधीशांकडे गेलें. सन १८९७ मध्यें ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर खटला झाला, तेव्हां मुंबईच्या हायकोर्टांत न्या. स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस समजाविलें कीं, प्रीतीचा अभाव तीच अप्रीति. दंगा झाला पाहिजे असें नाहीं. दंडाच्या धाकानें प्रेम मागणारें हें भाष्य! ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.

सन १९४२ मध्यें फेडरल कोर्टाचे सर मॉरिस ग्वायर यांनीं निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यांत निराळा अर्थ लाविला. सरकारचा दुखावलेला अहंकार गोंजारण्यासाठीं हा गुन्हा नाहीं. सार्वजनिक शांततेचा भंग किंवा त्याचा संभव, हें त्याचें मर्म. प्रिव्ही कौन्सिलनें सन १९४७ मध्यें हा अर्थ फेटाळला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिशांचें राज्य गेलें.

सन १९६२ मध्यें केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें कलम राखलें, पण ग्वायर यांचा अर्थ स्वीकारून. आमच्या मतें दोष येथेंच राहिला. अर्थ निकालपत्रांत संकुचित झाला, कलमाचे शब्द होते तसेच राहिले. आणि अटक करणारा फौजदार कलम वाचतो, निकालपत्र नव्हे. ११ मे २०२२ रोजीं त्याच कोर्टानें कलमाचा वापर तूर्त थांबविण्यास सांगितलें. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तींत ‘राजद्रोह’ हा शब्द नाहीं. कलम १५२ मध्यें देशाचें सार्वभौमत्व, ऐक्य व अखंडता ‘धोक्यांत’ आणणाऱ्यास शिक्षा आहे. आतां या ‘धोक्या’चें भाष्य न्यायाधीशांस करावयाचें आहे.