द्रोणागिरीत फिरायचं तर सेक्टर सोडा, गावांत शिरा

इन्स्टावर 'द्रोणागिरी' सर्च करून बघा. अटल सेतूपासून किती मिनिटं, विमानतळापासून किती मिनिटं, वन बीएचके कितीला, एवढंच सापडेल. इथे खायचं काय, बघायचं काय, हे कुणी सांगत नाही. खरं सांगायचं तर नोडच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर बघण्यासारखं फारसं नाहीच. जे आहे ते आजूबाजूच्या आगरी-कोळी गावांत आणि खाडीकाठी आहे.

हे द्रोणागिरी नेमकं आहे कुठे?

नवी मुंबईसाठी सिडकोने आखलेला हा नोड रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतो. नाव मिळालंय करंज्याजवळच्या द्रोणागिरी डोंगरावरून. लक्ष्मणासाठी संजीवनी नेताना हनुमानाच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका आहे. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पोर्तुगीज काळातल्या चर्चचेही. पायथ्याला करंजा गाव आणि द्रोणागिरी देवीचं मंदिर. या पट्ट्यात ओएनजीसीचा प्रकल्प आणि नौदलाचा परिसर आहे, त्यामुळे ड्रोन घरीच ठेवा आणि मोबाइल काढतानाही पाट्या वाचा.

जायचं कसं?

12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकलही सुरू झाली. सगळी चर्चा पुलाची झाली, पण फिरायला कामाची लोकलच. नेरूळ किंवा बेलापूरहून बसा, द्रोणागिरी किंवा उरणला उतरा. गाड्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक बघूनच निघा.

माझा सल्ला: येताना लोकल, जाताना लाँच. उरणजवळच्या मोरा बंदरातून थेट भाऊच्या धक्क्याला जाता येतं. फक्त मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच अडते. तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्या.

खायचं काय?

करंजा हे मच्छीमारांचं मोठं गाव. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने येऊ नका. बाकी वर्षभर पापलेट-सुरमई मुंबईतही मिळते. इथे येऊन खायचं ते खाडीतलं: चिंबोऱ्या, कालवं, निवट्या. सोबत तांदळाची भाकरी. सुकी मासळी घ्यायची तर उरणच्या बाजारात. वाकट्या, जवळा, सुके बोंबील, सगळं मिळतं. भाव करा, पण जपून. समोरच्या मावशी तुमच्यापेक्षा पक्क्या असतात.

थंडीत आलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन भरायचं, तोंड पाल्यानेच बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, सगळं वाफेवर शिजतं. खरी पोपटी शेतात, मित्रांच्या घोळक्यात लागते. उरणचा एखादा मित्र असेल तर आत्ताच मेसेज टाका.

'साडेबारा टक्के' म्हणजे काय?

इथल्या प्लॉटच्या जाहिरातींत हा शब्द हमखास दिसतो. तो एखाद्या बिल्डरची ऑफर वगैरे नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण या लढ्यातून आलं. जासईला हुतात्म्यांचं स्मारक आहे, लोकलने येताना वाटेत थांबता येतं. वेळ असेल तर चिरनेरलाही जा. 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराची आठवण तिथे आहे आणि गावातलं महागणपतीचं मंदिरही बघण्यासारखं आहे.

आणि पक्षी?

यासाठी मी एक अख्खी सकाळ ठेवेन. नोडच्या कडेला, पाणजे गावाजवळ पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात इथे स्थलांतरित पक्षी येतात, फ्लेमिंगोसुद्धा. बघायला जायचं ते भरतीला. ओहोटीत पक्षी खाडीच्या उघड्या चिखलात पांगून चरत असतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना टेकायला उथळ पाणी लागतं आणि ते पाणजेसारख्या जागी थव्याने येतात. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल मित्राने सांगितलेली वेळ आज चालणार नाही.

मेख अशी की सुमारे 289 हेक्टरची ही जागा सिडकोच्या नकाशावर सेक्टर म्हणून आखलेली आहे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या जातात, अशी पर्यावरणप्रेमींची आणि मच्छीमारांची तक्रार आहे. जागेला पाणथळ म्हणून संरक्षण द्यायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पाणी आत आलं नाही तर पक्षी टेकणार कुठे? आणि खाडीतल्या ज्या निवट्या-चिंबोऱ्यांसाठी तुम्ही इथवर आलात, त्यांनाही हेच पाणी लागतं.

जाताना दुर्बीण, टोपी आणि पाणी घ्या. बांधावरून चाला, चिखलात उतरू नका. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवून रील काढणारे दिसतील. तुम्ही लांबूनच झूम करा.