डोंबिवलीच्या फलाटावरची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या म्हणजे नऊ एक्क्यांचा, १११११११११ चा, वर्ग. गुणाकार पाटीवर मांडला की गुपित उघडे पडते. नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली; त्यामुळे रकान्यांत उजवीकडून एक, दोन, तीन करत मधोमध नऊ एक्के साचतात आणि पुढे तसेच उतरत जातात. हातचा कुठेच नाही.

चढून उतरणारी ही रचना जुनीच. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ चे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असे केले आहे. तो सहा एक्क्यांचा वर्ग. तेव्हा शोधाचे श्रेय दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना देता येत नाही. त्यांनी या संख्यांना कुळ दिले, आणि माझ्या मते ते काम अधिक अवघड.

कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ मुळे त्यांचे नाव पुढे जगभर गेले, पण त्याआधीच ते डेम्लो संख्यांमागे लागले होते. १९३८ साली त्यांवरचे त्यांचे टिपण 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आले. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते, तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. तिथल्या फलाटावर आता आकडेमोड सोडा, नीट उभे राहायलाही जागा मिळत नाही.

कल्पना अशी: संख्येचे डावा, मधला, उजवा असे तीन भाग पाडायचे. डावा आणि उजवा मिळवून एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधला भागही त्याच अंकाचा असावा. १६५ मध्ये एक अधिक पाच, मध्ये सहा. २५५३ मध्ये दोन अधिक तीन, मध्ये दोन पाच. आता आपली सतरा आकडी घ्या: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९, आणि मध्ये उभा नऊ! वर्गाचा सुबक नमुना १६५ सारख्या साध्यासुध्या संख्येचा भाऊबंद निघतो, हे डोळ्याला आपणहून दिसत नाही.

दहा एक्क्यांपाशी मात्र मधल्या रकान्यात दहा साचतात, हातचा येतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ हरवला, मध्ये शून्य बसले. मला हा बिघाडच जास्त आवडतो. कारण मधले शून्य सोडून दोन्ही बाजू मिळवल्या, १२३४५६७९० अधिक ९८७६५४३२१, की येतात ११११११११११: ज्यांचा वर्ग केला तेच दहा एक्के.