आजऱ्याचे सोमदेव आणि व्याकरणाची ‘सुधारित आवृत्ती’

१. शके ११२७, क्रोधन संवत्सर, म्हणजे इ.स. १२०५. करवीर प्रांतावर शिलाहार राजा दुसरा भोज याची सत्ता होती. कोल्हापूर प्रदेशातील आर्जुरिका या गावी, पूर्वीचा शिलाहार राजा गंडरादित्य याने बांधविलेल्या ‘त्रिभुवनतिलक’ जिनालयात, सोमदेव या जैन पंडिताने एक संस्कृत ग्रंथ पूर्ण केला : ‘शब्दार्णवचंद्रिका’. आर्जुरिका म्हणजे आजचे आजरा, घनसाळ तांदळासाठी प्रसिद्ध असलेले, असे अभ्यासक मानतात.

२. हा ग्रंथ म्हणजे एका व्याकरणावरील टीका. मूळ ‘जैनेंद्र व्याकरण’ देवनंदी ऊर्फ पूज्यपाद यांचे, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. सोमदेवांनी मात्र टीका लिहिली ती गुणनंदींनी सुधारलेल्या पाठावर. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की जुने पुस्तक टाकून द्यावे काय, हा आजच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न आजऱ्यात आठशे वर्षांपूर्वी असा उभा होता.

३. व्याकरणाची तुलना संगणकाच्या आज्ञावलीशी का करावी? पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे ही केवळ विधाने नाहीत. त्या क्रमाने चालवावयाच्या आज्ञा आहेत. आधीच्या सूत्रातील शब्द पुढच्या सूत्रात आपोआप चालू राहतो. त्याला ‘अनुवृत्ती’ म्हणतात. दोन नियमांत विरोध आला तर सामान्यतः नंतरचा नियम बलवान ठरतो. म्हणून सूत्राची जागा हाही त्याच्या अर्थाचाच भाग असतो.

४. देवनंदींनी ही यंत्रणा आटोपशीर केली. आठ अध्यायांऐवजी पाच, आणि सूत्रे सुमारे तीन हजार. संज्ञाही आखूड झाल्या : पाणिनीचा ‘गुण’ येथे ‘एप्’ झाला, ‘वृद्धि’ ‘ऐप्’ झाली. पाठांतरावर चालणाऱ्या विद्येत प्रत्येक अक्षराची बचत मोलाची होती.

५. पण आटोपशीरपणाची किंमत द्यावी लागली. कित्येक शब्दरूपे सूत्रांच्या बाहेर राहिली. ही उणीव दोन मार्गांनी भरून निघाली. अभयनंदींनी आपल्या ‘महावृत्ती’त मूळ सूत्रांना हात न लावता वार्तिके, म्हणजे पूरक नियम, जोडले. आजच्या भाषेत हा ‘पॅच’. गुणनंदींच्या पाठात अशा भरीचे नियम थेट सूत्रांत सामावले गेले आणि सूत्रसंख्या सुमारे ३७०० झाली. ही खरी नवी आवृत्ती.

६. येथेच जुन्या पुस्तकाची अडचण सुरू होते. मध्ये शेकडो सूत्रे शिरली की क्रमांक सरकतात, अनुवृत्तीचे धागे बदलतात, कोणता नियम ‘नंतरचा’ हेही पुन्हा तपासावे लागते. जुनी टीका हाती धरून नवा पाठ शिकणारा विद्यार्थी पानोपानी अडखळणार. सोमदेवांची टीका या गरजेतून सार्थ ठरते. पायथॉन ३ हे २००८ साली आले आणि पायथॉन २चा अधिकृत आधार २०२०च्या आरंभी संपला. तेव्हा जुन्या पुस्तकांतील ‘प्रिंट’ची साधी ओळही नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली. अडचण त्याच जातीची.

७. मग जुने काय टिकले? ‘महा’ आणि ‘ईश’ यांचा संधी ‘महेश’. त्या बदलाला पाणिनीचा अभ्यासक ‘गुण’ म्हणेल, जैनेंद्राचा ‘एप्’. ‘सदा’ आणि ‘एव’ यांचे ‘सदैव’ होते. तेथे कोणी ‘वृद्धि’ म्हणेल, कोणी ‘ऐप्’. नाव बदलले, क्रमांक बदलला, पण आ आणि ई एकत्र आल्यावर ए होतो ही जाण बदलली नाही. ज्याने ती एका ग्रंथातून आत्मसात केली, त्याला दुसऱ्या ग्रंथात फक्त नवी नावे शिकावी लागतात. ज्याने केवळ क्रमांक घोकले, त्याला सारे पुन्हा घोकावे लागते.

८. जुन्या टीकेचा आणखी एक उपयोग तिच्या कर्त्याच्या ध्यानीमनीही नसेल. आधुनिक काळात जैनेंद्राचे दोन पाठ समोर आले, तेव्हा देवनंदींचा मूळ पाठ कोणता, असा वाद उपस्थित झाला. नाथूराम प्रेमी यांनी लहान पाठ मूळ असल्याचे प्रतिपादन केले. त्या पाठाची सविस्तर साक्ष ‘महावृत्ती’त होती. नवी आवृत्ती आली म्हणून ती नष्ट झाली असती, तर गुणनंदींनी नेमके काय बदलले हे सांगणे कठीण झाले असते.

९. आणि सोमदेवांचा ‘नवा’ ग्रंथ? तो पूर्ण झाल्यावर काही वर्षांतच देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपले. पुढे पाणिनीच्या परंपरेत ‘सिद्धांतकौमुदी’सारखे ग्रंथ आले आणि संस्कृत शिक्षणात त्यांचेच वर्चस्व राहिले. आज ‘शब्दार्णवचंद्रिका’ उघडून कोणी संधी शिकत नाही. मात्र तिच्या समाप्तीच्या मजकुरात राजा, गाव, मंदिर आणि शक नोंदलेले असल्यामुळे, तेराव्या शतकाच्या आरंभी आजऱ्यासारख्या गावी व्याकरणाचा इतका सूक्ष्म अभ्यास चालत होता, हे आज समजते.

१०. शिकणाऱ्याने यातून एक कसोटी घ्यावी. पुस्तक फक्त ‘कोणती आज्ञा द्यावी’ एवढेच सांगत असेल, तर त्याचे आयुष्य आवृत्तीइतके. ‘ती आज्ञा तशी का’ हेही ते सांगत असेल, तर आवृत्ती गेल्यावरही ते वाचावे. नव्या पाठासाठी नवी टीका हवीच. पण जुनी फेकू नये, कारण बदल कोठे झाला हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसते.