कोल्हापूरची नगररचना आणि पादचारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शहराचा इतिहास सामान्यतः राजवाडे, मंदिरे व बाजारपेठा यांच्या आधारे लिहिला जातो. पायी चालणारा माणूस त्यात क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या नगररचनेत पादचारी व सायकलस्वार यांना मिळालेल्या स्थानाचा आढावा घेतला आहे.

जुने शहर :
अंबाबाईचे मंदिर, जुना राजवाडा व भवानी मंडप यांच्या परिसरात शिवाजी, मंगळवार, शुक्रवार इत्यादी पेठा वसल्या. घर, दुकान, तालीम व देऊळ हाकेच्या अंतरावर असल्याने दैनंदिन व्यवहार पायीच होत. ही सोय एखाद्या आराखड्यातून नव्हे, तर दाट व संमिश्र वस्तीतून निर्माण झाली होती.

संस्थानकालीन विस्तार :
१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. तेथे गुळाचा व्यापार भरभराटीस आला. पुढे राजाराम महाराजांच्या नावाने राजारामपुरी वसली. दोन्ही वसाहतींत क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत. मुख्य रस्त्यावर व्यापार व गल्लीत निवास अशा मांडणीमुळे विस्तारातही बाजार घरापासून दूर गेला नाही. जवळजवळच्या गल्ल्यांमुळे पादचारी व सायकलस्वार यांना वर्दळ टाळून जाण्याचे पर्याय मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळ :
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ ची. विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी ठरते; परंतु त्या रुंदीतील किती वाटा वाहनांचा व किती माणसांचा, हा स्वतंत्र निर्णय असतो. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट केले. कोल्हापुरात २००८ मध्ये सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर हाती घेण्यात आला. त्यावरील टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली व्यापक लढा झाला आणि २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

निष्कर्ष :
टोलविरोधी लढ्याने रस्त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न ऐरणीवर आणला. रस्ता कोणासाठी, हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. पेठांनी व शाहूपुरी-राजारामपुरीने त्याचे उत्तर अंतर कमी ठेवून दिले होते. शाळा, बाजार व कचेऱ्या वस्तीपासून दूर गेल्यास केवळ पदपथ बांधून शहर चालण्यायोग्य होत नाही. म्हणून भूवापर व रस्ता यांचे एकत्रित नियोजन हाच कोल्हापूरच्या इतिहासातून मिळणारा धडा होय.