हॉकी खेळायचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

हॉकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतील. आजची गोष्ट मात्र बर्फावरच्या हॉकीची, आणि खरं तर पैशांची आहे.

१९०० च्या आसपास कॅनडात हा खेळ 'हौशी' असायलाच हवा, असा दंडक होता. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे बाटलेला. वरवर हे उदात्त वाटतं. पण जरा विचार करा: क्लब तिकिटं विकत होते, प्रेक्षक पैसे मोजत होते. फुकट राबायचं ते फक्त खेळाडूंनी. म्हणजे ज्याचं घर आधीच भरलेलं, त्यालाच हौस परवडणार! साहजिकच काही क्लब आतून पैसे देऊ लागले.

अमेरिकेत हा आडपडदा कमी होता. १९०४ मध्ये तिथे पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. संघ पाच, त्यातला एक कॅनडातला. हॉटन आणि कॅल्युमेट ही तर मिशिगनमधली तांब्याच्या खाणींची गावं. खाणीचा पैसा होता, लांबलचक हिवाळा होता आणि करमणूक हवी होती. खेळाडू अर्थातच कॅनडातून यायचे.

त्यांतलाच एक हॉड स्टुअर्ट, जन्म १८७९, ओटावाचा. त्या काळी संघात सात जण असत आणि तेच जवळपास पूर्ण सामना खेळत. हॉड बचावात खेळायचा, पण चेंडूऐवजी असणारी ती चपटी चकती, म्हणजे पक, घेऊन थेट पुढे मुसंडी मारायचा. कॅल्युमेटने त्याला एका हंगामाचे १,८०० डॉलर दिले. त्यात खेळणं आलं, संघ शिकवणं आलं आणि रिंकची व्यवस्था बघणंही आलं.

आता गंमत बघा. चांगले खेळाडू सीमेपलीकडे जायला लागल्यावर कॅनडातल्या क्लबांची तत्त्वं सैल झाली. १९०६ च्या अखेरीस पूर्व कॅनडाच्या मुख्य लीगने हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळू दिलं. अट एवढीच, की कोण पगारी आहे ते जाहीर करायचं. त्याच हिवाळ्यात हॉड पिट्सबर्ग सोडून माँट्रियल वाँडरर्सकडे आला आणि मार्च १९०७ मध्ये संघाने स्टॅनली कप जिंकला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९०७ ला, तो गेला. वडिलांच्या बांधकामाच्या कामासाठी बेलव्हिलला गेला असताना त्याने उथळ पाण्यात सूर मारला आणि डोकं खडकावर आपटलं. वय २८. मागे बायको आणि दोन मुलं.

विमा, पेन्शन, खेळाडूंची संघटना यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. मग २ जानेवारी १९०८ ला त्याच्या कुटुंबासाठी एक सामना ठेवला गेला: वाँडरर्स विरुद्ध इतर संघांतले निवडक खेळाडू. दोन हजारांहून जास्त डॉलर जमले. बर्फावरच्या हॉकीतला पहिला 'ऑल-स्टार' सामना म्हणून आज तो ओळखला जातो.

इतिहासात या सामन्याकडे बहुतेकदा सोहळा म्हणून बघितलं जातं. मला त्यात एक हिशेब दिसतो. १,८०० डॉलरमध्ये हॉडच्या अंगातली ताकद विकत घेतली जात होती, ती शाबूत असेपर्यंतच. त्यापुढची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ती अखेर सोबत्यांनी आणि तिकीट काढणाऱ्या लोकांनी उचलली.

म्हणून 'पैशामुळे खेळ बिघडला' असं कुणी म्हणालं, की एवढंच विचारा: पैसा तर आधीपासूनच होता, फक्त तो कुणाच्या खिशात जात होता?