शिकार आणि रानाचे मोल

सातारहून संगम माहुलीस गेले, की कृष्णाकाठी राजघराण्यातील समाध्यांच्या शेजारी एका कुत्र्याचीही समाधी दिसते. थोरले शाहू छत्रपती शिकारीचे मोठे शौकीन. शिकारीत या इमानी जनावराने धन्याचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हा प्रश्न सोडून दिला, तरी राजाच्या जीवनात शिकारीला केवढे स्थान होते हे त्या समाधीवरून कळते.

राजाची शिकार म्हटली की राखीव रान आलेच. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात दाजीपूरचे जंगल छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले होते. तेथे गवा टिकून राहिला, आणि १९५८ साली त्या जंगलाचे अभयारण्य झाले. तेव्हा शिकाऱ्याने रान राखले, हे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हे. मात्र राखले ते आपल्या हौसेसाठी, आणि संस्थानचा खजिना भरत होती ती रयत!

अमेरिकेने निराळी वाट काढली. तेथे १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. अट एवढीच, की शिकार-परवान्यांची फी राज्याने अन्य कामाकडे वळवू नये. हौस ज्याची, खर्चही त्याचा, असा तो रोकडा व्यवहार.

मुंबई राज्यानेही १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु शिकाऱ्याच्या पैशावर रान जोपासण्याची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. पुढे १९७२ चा केंद्रीय कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार संपली.

मग आपल्या रानांचे मोल दिले कोणी? सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे उजाड डोंगर धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने व लोकांच्या श्रमाने हिरवे झाले. १९८५ साली तेथे सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. त्याच वर्षी कोयना व चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली, आणि २०१० साली त्यांतून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. चांदोलीच्या रानातील माणसांनी मात्र त्यासाठी घरे, देवळे, वडिलोपार्जित शेते सोडली. रानाकडेच्या शेतकऱ्याच्या पिकात आजही जनावरे शिरतात.

म्हणजे बंदूकवाल्याने जे मोल दिले नाही, ते आपल्याकडे नांगरवाल्याने दिले. त्याला पुनर्वसनाची जमीन व पिकाची भरपाई वेळेवर मिळणे यात उपकार कसला? ते आपणा सर्वांवरचे ऋण आहे. रानात वाघ पाहण्यास जाणाऱ्या आपण शहरवासीयांनी तरी ते विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.