पायऱ्या उतरून जाण्याचे देवस्थान

शिंतो धर्माचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण इसे नाहीतर इत्सुकुशिमा इथल्या नामांकित देवस्थानांकडे वळतात. माझा आग्रह आहे की त्यांनी आधी उदोला जावे. क्यूशू बेटावर, मियाझाकी प्रांतातल्या निचिनानच्या किनाऱ्याला हे देवस्थान आहे. एरवी देवाच्या पायऱ्या चढायच्या असतात; इथे त्या उतरायच्या. खाली प्रशांत महासागर खडकांवर आदळत असतो आणि कड्याच्या पोटातल्या गुहेत रंगवलेले लाकडी देवालय उभे असते.

इ.स. ७१२ मधल्या 'कोजिकी' या ग्रंथात समुद्रदेवाची मुलगी तोयोतामा-हिमे बाळंतपणासाठी किनाऱ्यावर येते. पाणकावळ्यांच्या पिसांनी झोपडी शाकारून होण्याआधीच तिला कळा लागतात. बजावूनही नवरा डोकावतो आणि त्याला तिचे मूळचे जलचर रूप दिसते. शरमेने ती बाळाला किनाऱ्यावर सोडून समुद्रात परतते आणि त्याच्या संगोपनासाठी धाकट्या बहिणीला पाठवते. ते बाळ, उगायाफुकिआएझु, हाच इथला मुख्य देव; पहिला सम्राट मानला गेलेल्या जिम्मूचा बाप.

ग्रंथ एवढे सांगून थांबतो, किनारा थांबत नाही. इथले लोक सांगतात, की जाण्यापूर्वी आईने आपले स्तन गुहेच्या भिंतीला लावून ठेवले. तो खडक आजही ठिबकतो आणि सुखरूप बाळंतपण मागायला जोडपी त्याच्यापुढे उभी राहतात. बाहेर एक कासवासारखा खडक आहे. त्याच्या पाठीवरच्या, दोराने वेढलेल्या खळग्यात पुरुष डाव्या हाताने आणि बायका उजव्या हाताने मातीचे छोटे गोळे टाकतात. गोळा आत पडला की इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा. अशा आचारांना पुराणकथेची तळटीप समजू नये. या विषयाचा गाभाच तो आहे.

आणखी एक थर आज नजरेला पडत नाही. इथे शतकानुशतके बौद्ध मठ होता. १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले आणि तो गेला. शिंतो हा प्राचीन काळापासून चालत आलेला स्वतंत्र धर्म, ही समजूतच कुरोदा तोशिओ या इतिहासकारांनी खोडून काढली. मला त्यांचे म्हणणे मुख्यतः पटते, पण ठिबकणाऱ्या खडकासमोर उभ्या असलेल्या बाईला ते पुरते लागू पडत नाही.

नव्या अभ्यासकांनी या वादात जरूर उतरावे. मात्र आधी 'कोजिकी'तली ही कथा वाचावी. जपानी येत नसेल तर डोनाल्ड फिलिपाय यांचे १९६८चे इंग्रजी भाषांतर चांगले आहे.